समजून घ्या : वापरलेली अलॉय व्हील्स घरी नवी करता येतात का? रंगाआधी काय तपासावे?

पावसाळा सरला की उपनगरांतील सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या चाकांवरचे व्रण उठून दिसतात. पदपथाच्या कडेला घासून पडलेले चरे, खड्ड्यात आपटून दबलेली कड, चंदेरी रंगाखाली पसरलेले पांढरट डाग. नवा संच महाग पडतो, म्हणून अनेक जण आहे तीच चाके घासून रंगवतात किंवा कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून वापरलेला संच आणतात. हे काम घरी जमण्यासारखे आहे. मात्र चाकावर गाडीचा आणि आतल्या माणसांचा भार असतो. त्यामुळे घरी नेमके काय करता येते आणि काय करू नये, हे आधी समजून घ्यायला हवे.

अलॉय व्हील्स कशाची बनलेली असतात?

बहुतेक मोटारींची अलॉय व्हील्स ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि ओतीव असतात. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडे मॅग्नेशियम असते. ओतल्यानंतर चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड करतात आणि मग कमी तापमानावर काही तास ठेवतात. चाकाची ताकद या प्रक्रियेतून येते. पोलादी रिम खड्ड्यात आपटली की बहुधा वाकते. ओतीव अलॉयला मात्र तडा जाण्याचा धोका अधिक असतो.

भारतात अशा चाकांच्या चाचण्यांसाठी ‘एआयएस-०७३’ हे मानक आहे. वळणावर येणारा ताण, फिरताना पडणारा भार आणि बाजूने बसणारा धक्का हे चाक किती सोसते, ते अशा चाचण्यांत पाहिले जाते. पुण्यातील ‘एआरएआय’ या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत वाहनांच्या सुट्या भागांच्या चाचण्या होतात. घरी रंगवलेल्या जुन्या चाकाला अशी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणूनच रंगापेक्षा तपासणी महत्त्वाची.

मुंबईत ती लवकर का खराब होतात?

ॲल्युमिनियमवर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. खाऱ्या हवेतील क्लोराइड हा थर भेदते. वर्सोवा, जुहू, गोराईला समुद्र लागून आहे, तर मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. चाकाच्या वरच्या पारदर्शक थराला (लॅकर) एक चरा पडला, की ओलावा आणि क्षार आत शिरतात आणि रंगाखाली किड्यांच्या वाटांसारख्या रेषा पसरत जातात. वरून कितीही पॉलिश केले तरी त्या जात नाहीत, कारण बिघाड रंगाच्या खाली असतो.

दुसरे कारण ब्रेकची धूळ. एस. व्ही. रोड असो वा एलबीएस मार्ग, वाहतूक रांगत असते आणि पाय सतत ब्रेकवर असतो. डिस्क आणि पॅडमधून उडणारे लोखंडाचे तापलेले कण लॅकरमध्ये रुततात आणि पावसात गंजतात. चाकावरचे तपकिरी ठिपके बहुधा याच कणांचे असतात.

वापरलेला संच घेताना काय पाहावे?

आधी मापे जुळवावीत. नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास (पीसीडी) आपल्या गाडीशी तंतोतंत जुळला पाहिजे. ‘४×१००’ म्हणजे चार नट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. मधल्या छिद्राचा व्यास, रुंदी आणि ऑफसेट हीदेखील महत्त्वाची मापे. रुंदी व ऑफसेट बहुतेक चाकांच्या मागे किंवा आऱ्यांवर कोरलेली असतात. तिथेच कमाल भाराचा आकडाही असू शकतो. तो आपल्या गाडीला पुरेसा आहे का, हे पाहावे.

मग चाक उलटे करावे. दर्शनी बाजू कुणीही चकचकीत करतो. खरा इतिहास मागच्या बाजूला असतो. आतल्या कडेवर केसासारखी रेघ, वेल्डिंगचा उंचवटा किंवा एकाच ठिकाणी घासल्याच्या खुणा दिसल्या तर ते चाक घेऊ नये. मागूनही ताजा, जाड रंग मारलेला असेल तर सावध राहावे. शंका असल्यास तडे शोधणाऱ्या स्प्रेचा संच वापरता येतो. स्वच्छ धातूवर लाल द्रव मारून, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून, वर पांढरा स्प्रे मारला की तड्यातला लाल रंग रेघ होऊन वर येतो. रंगाखाली दडलेला तडा मात्र या पद्धतीने दिसत नाही.

पैसे देण्यापूर्वी चाक टायरवाल्याकडे बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून घ्यावे. कड वर-खाली किंवा आत-बाहेर डुलत असेल, तर ते चाक वाकलेले आहे.

सफाई कशी करावी?

सुरुवात साध्या शाम्पूने आणि मऊ ब्रशने. मग लोखंडाचे कण काढणारा ‘आयर्न रिमूव्हर’. तो कणांवर पडला की जांभळा होतो. काही मिनिटांत, वाळण्याआधी धुऊन टाकावा. डांबराचे डाग टार रिमूव्हरने निघतात.

शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव किंवा नळी मोकळी करण्याची कॉस्टिकची पावडर चाकाला लावू नये. ॲल्युमिनियमवर दोन्हींची थेट प्रक्रिया होते आणि धातू खाल्ला जातो. तारेचा लोखंडी ब्रशही टाळावा. त्याचे कण ॲल्युमिनियमवर राहिले, की तिथून नव्याने गंज सुरू होतो.

रंगाचे टप्पे कोणते?

शक्यतो टायर काढून घ्यावा. टायर तसाच ठेवायचा असेल तर हवा कमी करून रिम आणि टायरच्या फटीत जुने पत्ते चहूबाजूंनी खोचावेत आणि बाकीचा भाग वर्तमानपत्राने झाकावा.

सुटलेला रंग आणि पांढरे डाग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने धातूपर्यंत काढावेत. कडेचे उथळ चरे बारीक कानशीने समतल होतात. पुट्टी केवळ दिसण्यापुरती आणि पातळ लावावी. हवा जिथे रोखली जाते त्या टायरच्या बैठकीवर ती लावू नये. मग ३२० आणि शेवटी ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह फिरवावा. चाक कोरडे करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि त्यानंतर बोट लावू नये.

उघड्या ॲल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही. त्यासाठी एच प्रायमर लागतो. त्यावर रंगाचे दोन-तीन आणि क्लिअर लॅकरचे दोन-तीन हलके हात, प्रत्येकात डब्यावर लिहिलेले अंतर ठेवून. एकाच वेळी जाड थर दिला की ओघळ येतात. रंग तासाभरात हाताला कोरडा लागला तरी तो पूर्ण कडक व्हायला काही दिवस जातात.

नट जिथे टेकतो ती बैठक आणि हबला चिकटणारी मागची सपाट बाजू रंगापासून झाकून ठेवावी. नटाखालचा रंग पुढे दबतो, झिजतो आणि घट्ट केलेला नट सैल पडतो.

सोसायटीत हे काम करताना काय सांभाळावे?

पहिली अडचण हवेची. पावसाळ्यात दमटपणामुळे लॅकर दुधाळ होते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सोयीचे. दुसरी अडचण शेजाऱ्यांची. स्प्रेचे तुषार शेजारच्या गाडीपर्यंत सहज पोहोचतात. बंद बेसमेंटऐवजी परवानगी घेऊन गच्ची किंवा मोकळा कोपरा निवडावा. ठिणगी, सिगारेट दूर ठेवावी आणि सेंद्रिय वाफेसाठीचा मास्क वापरावा. कापडी मास्क पुरत नाही. हार्डनर मिसळण्याच्या ‘टू-के’ लॅकरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने श्वसनाचा गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून ते व्यावसायिक बूथवरच सोडावे. थिनर आणि घासलेले पाणी गटारात ओतू नये. उपनगरांतील पर्जन्यवाहिन्या दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या नद्यांना आणि पुढे समुद्राला किंवा खाडीला मिळतात.

घरी काय करू नये?

वाकलेली कड टॉर्चने तापवून हातोडीने सरळ करणे सर्वांत धोक्याचे. कारखान्यात उष्णतेच्या प्रक्रियेने आलेली ताकद अशा अंदाजे तापवण्याने जाते आणि चाक बाहेरून ठीक दिसत राहते. तडा गेलेले चाक वेल्ड करून वापरू नये. ते भंगारात द्यावे. ‘डायमंड कट’ चाकाची चमकदार बाजू लेथवर कापलेली असते, ती पॉलिश पेपरने परत येत नाही. लेथवर पुन्हा कापतानाही दर वेळी थोडा धातू कमी होतो.

पुन्हा बसवताना काय काळजी घ्यावी?

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावून, एका वेळी एकच चाक काढावे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नये. हबवरचा गंज साफ करावा. नट आधी हाताने फिरवावेत, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट करावेत आणि शेवटी गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यानुसार टॉर्क पान्याने कसावेत. पान्यावर उभे राहून कसलेला नट आटे खराब करतो. बॅलन्सिंग करून घ्यावे आणि टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. पुढचे काही आठवडे हवेचा दाब मोजत राहावा. त्याच एका चाकाची हवा वारंवार उतरत असेल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल, तर रंग कितीही सुंदर जमला असला तरी ते चाक उतरवून स्टेपनी लावावी.