मागणी आणि उत्तर

संकेतस्थळ उघडताच पडद्याआडचा सर्व्हर पुष्कळदा दुसऱ्या सर्व्हरकडे माहिती मागतो. जावास्क्रिप्ट भाषेत सर्व्हरचे काम लिहिण्यासाठी २००९ साली निघालेल्या ‘नोड’मध्ये या मागणीच्या तीन रीती प्रचलित आहेत. मूळचे ‘एचटीटीपी’ साधन उत्तराचे तुकडे हाती देते. ते आपणच जुळवावयाचे. बाहेरून आणावयाचे ‘ॲक्सिऑस’ ते जुळवून देते, आणि ‘४०४’, म्हणजे ‘सापडले नाही’, हा क्रमांक आल्यास चूक दाखविते. मात्र त्याच्या देखभालीसाठी इतरांवर विसंबावे लागते. २०२२ पासून अंगभूत झालेले ‘फेच’ तो नकारही उत्तर म्हणूनच पुढे करते. तेथे क्रमांक तपासला नाही, तर परीक्षेच्या निकालाऐवजी नकारच वाचकापुढे मांडला जाईल. विद्यार्थिमित्रहो, साधन कोणतेही घ्या. उत्तर आले एवढ्याने निश्चिंत होऊ नका, ते कोणते आले हे पाहा.