मार खाणारा कोण, ते आधी दाखवा!

डोळ्यांदेखत अत्याचार होत असताना माणसे बघ्याची भूमिका का घेतात? अमेरिकेत १९६८ साली डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले की, आजूबाजूला माणसे जास्त असली की जबाबदारी वाटली जाते आणि कुणीच पुढे येत नाही.

अशा अभ्यासाची सोपी पद्धत म्हणजे लेखी प्रसंग. 'एका व्यक्तीला काही जण मारहाण करीत आहेत, तुम्ही काय कराल?' खुर्चीत बसलेला माणूस निवांतपणे लिहितो, 'मी मध्ये पडेन.' दुसरी पद्धत चित्रफितीची. तिच्यात आरडाओरडा ऐकू येतो, मारणाऱ्यांचे संख्याबळ दिसते आणि मुख्य म्हणजे मार खाणारा कोण, हे दिसते.

आमचा मुद्दा नेमका इथेच आहे. कागदावरच्या 'एका व्यक्ती'ला जात नसते. वाचणारा तिथे आपलाच भाऊ कल्पितो आणि कागदावर शूर होतो.

इंग्लंडमध्ये मार्क लेव्हिन व सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक तरुण पडून जखमी झाल्याचे नाटक केले. अंगात त्यांच्याच संघाचा शर्ट असला की मदत धावून येई. लिव्हरपूलचा शर्ट असला की बहुतेक जण पुढे निघून जात. पण 'आपण सारे फुटबॉलप्रेमी' असा विचार आधी मनात रुजविला, तेव्हा लिव्हरपूलच्या शर्टालाही मदत मिळाली!

शर्ट बदलता येतो. जात बदलता येत नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून भर रस्त्यात मारले गेले. चित्रफीत मारणाऱ्यांनीच पसरविली. तिच्यात मारणारे दिसतात, तसे बघणारेही दिसतात. तीच चित्रफीत पाहून आपला समाज पेटून उठला आणि ऑगस्टमध्ये अहमदाबादहून उनापर्यंत चालत गेला. दृश्य एकच, 'आपला माणूस कोण' याचे उत्तर मात्र वेगळे.

बघ्याची भूमिका हा मनुष्यस्वभाव आहे, ही सबबही आता चालणार नाही. लँकेस्टर, ॲम्स्टरडॅम आणि केपटाऊन येथील सीसीटीव्हीत टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास २०१९ साली पुढे आला. दहापैकी नऊ भांडणांत कुणीतरी मध्ये पडलेच होते. माणूस मध्ये पडतो. त्याला अडविते ते 'हा आपला नव्हे' हे मनातले कुंपण. जातीने माणसाची दया आणि सहानुभूती जातीपुरती करून टाकली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच, होऊ न शकलेल्या लाहोरच्या भाषणात सांगून ठेवले आहे.

म्हणून महाविद्यालयांत आणि पोलीस प्रशिक्षणात असे प्रसंग शिकविणाऱ्यांना आमचे सांगणे आहे : बिननावाची, बिनजातीची 'एक व्यक्ती' पुरे झाली. दलित वस्तीतली बाई दाखवा, घोड्यावरून उतरविलेला नवरदेव दाखवा आणि मग विचारा, 'आता तुम्ही काय कराल?' त्या उत्तरावरून राज्यघटनेतली बंधुता कागदावरून चौकात किती उतरली, ते कळेल.