परक्या घरचें मूल

आपलें मूल आठ दिवस परक्या घरीं ठेवावयाचें म्हटलें, तर घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. मग भाषा न कळणारें परदेशचें मूल आपण होऊन घरीं आणण्याची गोष्ट दूरच! जपानांतील फुकुओका शहरचीं कुटुंबें मात्र हें कार्य करीत आलीं आहेत. १९८९ सालीं तेथें आशिया-प्रशांत प्रदर्शन भरलें. त्या निमित्तानें अनेक देशांतील मुलांस बोलाविण्यांत आलें. प्रदर्शन संपलें, पण चाल राहिली. साथीच्या काळांतील खंड सोडला, तर अकरा वर्षांचीं मुलें उन्हाळ्यांत तेथें जाऊन गृहस्थांच्या घरीं राहतात.

चिरंजीव नोकरीनिमित्त त्या शहरीं असतां मीं एक उन्हाळा तेथें काढिला. शेजारच्या घरीं आपल्याकडील एक मुलगा उतरला होता. घरांत आजी-आजोबा, मुलगा, सून व दोन नातवंडें. म्हणजे आपल्यासारखेंच एकत्र कुटुंब. दाराशीं जोडे काढणें त्याला नवें नव्हतें. स्नानाची रीत मात्र निराळी. तेथें अंग बाहेर स्वच्छ धुऊन मगच ऊन पाण्याच्या टाकींत बसावयाचें, कारण तेंच पाणी पाठोपाठ सर्वांस वापरावयाचें असतें. पहिल्या रात्रीं पोरानें टाकींतच साबण लाविला. कोणी रागावलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आजोबा स्वतः त्याला बरोबर घेऊन गेले. जेवतांना त्यानें काड्या भातांत उभ्या रोंवल्या, तेव्हां आजींनीं त्या हलकेच काढून आडव्या ठेविल्या. तसा भात तेथें मृतासाठीं ठेवितात, हें ऐकून मला आपल्या दहाव्याचा पिंड आठवला.

खरा प्रसंग तिसऱ्या दिवशीं ओढवला. मुलगा शाकाहारी. घरच्यांनीं मांस-मासळी कटाक्षानें टाळली होती. पण आंबविलेल्या सोयाबीनचें 'मिसो' सार तो रोज पीत होता. त्या साराचें मूळ पाणी बहुधा सुकविलेल्या 'कात्सुओ' माशाच्या किसापासून काढितात, हें आमच्या सूनबाईंच्या बोलण्यांतून त्याला कळलें. पोर रडत माझ्याकडे आलें व म्हणालें, "आजोबा, मला पाप लागलें का हो? आईला सांगूं?"

चाळीस वर्षें मुलांस शिकविलें, परंतु एवढा अवघड प्रश्न वर्गांत कोणी विचारला नव्हता. मी म्हणालों, "बाळ, अजाणतां घडलें त्याचा दोष नाहीं. आईला अवश्य सांग, आणि आजींनाही सांगूं." सूनबाई कचरत होत्या, त्या वृद्धेचें मन दुखावेल अशी त्यांना भीति वाटे. पण आम्ही मौन धरिलें असतें, तर अजाणतेपणाची सबब उद्यांपासून उरली नसती.

आजींनीं सर्व ऐकून घेतलें, मुलापुढें मस्तक लवविलें आणि क्षमा मागितली. त्यांच्या लेखीं मासा म्हणजे ताटांतला तुकडा. पाण्यालाही मासा म्हणावयाचें, हें त्यांना सुचलेंच नव्हतें. त्याच रात्रीं त्यांनीं 'कोंबू' नांवाची समुद्रवनस्पति व वाळलेलीं अळंबीं पाण्यांत भिजत घातलीं. बौद्ध मठांतील शाकाहारी स्वयंपाकाची हीच रीत आहे. सकाळीं तें नवें सार एकट्या मुलाला नव्हे, तर घरांतील सर्वांनाच वाढलें गेलें.

मुलांस तिकडे धाडणाऱ्या पालकांनीं 'मांस चालत नाहीं' एवढेंच कळवून भागत नाहीं. 'माशाचें पाणीही नको' असें स्पष्ट लिहावें. राहतां राहिले आपण. अतिथीला देव मानणारे आपण खरे. परंतु असें एखादें परकें मूल आपल्या दारीं उतरलें, तर त्याच्यासाठीं स्वयंपाकघराची रीत एका रात्रींत बदलण्याइतकें आपलें मन मोठें होईल काय? माझ्या स्वतःच्या घराविषयींदेखील या प्रश्नाचें उत्तर मला छातीठोकपणें देतां येत नाहीं.