सखाराम बाइंडर खलपुरुष आहे काय?

जुन्या नाटकांतील खलपुरुष ओळखण्यास प्रेक्षकाला फारसे सायास पडत नसत. तो रंगमंचावर आला की त्याचा हेतू उघड होई आणि अखेरीस त्याला बहुधा शासनही मिळे. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली रंगभूमीवर आले आणि प्रेक्षकाची ही सोय राहिली नाही. निळू फुले यांनी उभा केलेला सखाराम पाहून कोणी संतापले, तर कोणी त्याच्या रोखठोकपणावर लुब्ध झाले. परिनिरीक्षण मंडळाने ठिकठिकाणी काटछाट सुचविली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. नाटकाला तेथे न्याय मिळाला. सखारामचा निवाडा मात्र प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःच करावा लागतो.

प्रथम आरोप पाहू. छापखान्यात पुस्तके बांधणारा हा गृहस्थ नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो. अन्नवस्त्र मिळेल, त्याबदली घरकाम आणि शय्यासोबत करावी लागेल, न पटल्यास खुशाल जावे, असा त्याचा रोखठोक करार. लक्ष्मी ही अशी सातवी बाई. तिला तो मारहाण करतो आणि तिच्यानंतर आलेल्या चंपाचा अखेरीस गळा दाबून प्राण घेतो. फिर्यादी पक्षाला याहून अधिक काय हवे?

परंतु बचावाची बाजूही दुबळी नाही. सखाराम सोवळेपणाचा आव आणीत नाही. आपली वासना आणि आपले व्यसन तो दडवीत नाही. देवभोळी लक्ष्मी दाऊदला, केवळ तो मुसलमान म्हणून, गणपतीच्या आरतीत सामील होऊ देत नाही. त्यावेळी सखारामला आलेला राग आपल्याला रास्त वाटतो. तो हात उगारतो आणि त्या रागातले रास्तपण तत्क्षणी नासते. पुढे चंपा दाऊदकडे जाते, ही चुगली करणारी लक्ष्मीच. आणि खून झाल्यावर सखाराम दगडासारखा बसलेला असताना प्रेत पुरण्याची निरवानिरव करणारीही तीच. मग खल कोणाला म्हणावे?

माझ्या मते या कोड्याची किल्ली त्या करारातच आहे. वरवर पाहता तो दोन स्वतंत्र माणसांतला व्यवहार दिसतो. पण भाच्याने चोरीचा आळ घेऊन घराबाहेर काढलेल्या लक्ष्मीला पुन्हा याच दाराशी यावे लागते. जिला जाण्यास दुसरी जागा नाही, तिला ‘खुशाल जा’ म्हणणे म्हणजे मोकळीक देणे नव्हे. नवरेपणाची आयुष्यभर टवाळी करणारा सखाराम चंपा दुसऱ्याकडे जाते एवढे ऐकताच संशयी नवऱ्यासारखाच पेटून उठतो. लग्न त्याने नाकारले. त्यातली मालकी मात्र त्याने आपल्या घरात जशीच्या तशी नांदवली.

कायद्याच्या दृष्टीने सखाराम खुनी आहे, यात वाद नाही. पण त्याला निव्वळ खलपुरुष ठरविले की दोष त्याच्या एकट्याच्या पदरी पडतो आणि त्या बायकांना टाकणारे नवरे बिनबोभाट सुटतात. उलट, त्याच्या स्पष्टवक्तेपणावर भाळून त्याला माफ केले, तर चंपावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. आपले पाप उघड बोलून दाखविणारा माणूस दांभिक नसतो, एवढेच सिद्ध होते. तेवढ्याने तो निष्पाप ठरत नाही.