ज्युदो : पडण्यापासून सुरू होणारी विद्या

ज्युदो शिकण्यासाठी प्रथमच आलेल्या विद्यार्थ्याची बहुधा निराशा होते. प्रतिस्पर्ध्याला उचलून फेकण्याचे डाव शिकावयास मिळतील या अपेक्षेने तो येतो आणि त्याला शिकविले जाते ते पडावयास. पाठीवर पडा, कुशीवर पडा, कोलांटी घेऊन पडा, हाच पाठ कित्येक दिवस चालतो. जपानी भाषेत यास ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीशी घेऊन मस्तक जमिनीपासून दूर ठेवावयाचे आणि पाठ टेकते त्याच क्षणी पसरलेला हात तळव्यासह चटईवर आपटावयाचा. त्यायोगे आघात एकाच जागी न बसता विभागला जातो. आपल्याकडील तालमीत माती उकरून मऊ केली जाते. ज्युदोत चटई असतेच, परंतु खरा भरवसा पडणाऱ्याच्या तयारीवर असतो.

या विद्येचे जनक जिगोरो कानो (१८६०-१९३८) हे व्यवसायाने शिक्षक होते. टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. तरुणपणी ते कृश होते आणि दांडग्या मुलांपुढे त्यांचे काही चालत नसे. म्हणून ते जुजुत्सू या जुन्या सामुराई विद्येकडे वळले. त्या काळी तिला उतरती कळा लागली होती. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास बंदी झाली होती आणि या विद्येचे काही गुरू हाडे बसविण्याच्या कामावर गुजराण करीत असत. कानो यांनी दोन परंपरांचे शिक्षण घेतले आणि १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात ९ शिष्यांसह १२ चटयांच्या जागेत ‘कोदोकान’ ही संस्था स्थापन केली. घातक प्रहार त्यांनी मुक्त सरावातून वगळले आणि ‘काता’ म्हणजे ठरावीक क्रमाच्या अभ्यासापुरतेच ठेवले. ‘जुत्सू’ म्हणजे कसब आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. नावातील हा बदल त्यांनी विचारपूर्वक केला होता.

‘जु’ म्हणजे मृदुता. तिचा अर्थ कानो आकड्यांनी समजावीत. समोरच्याचे बळ १० आणि आपले ७ आहे असे समजू. त्याने ढकलले असता आपण अडून राहिलो, तर पराभव ठरलेलाच. परंतु ढकलले जाताच आपण तेवढेच मागे सरलो, तर त्याचा तोल पुढे जातो आणि त्या क्षणी त्याचे बळ जणू ३ एवढेच उरते. आपले ७ मात्र शाबूत असतात. त्यांपैकी निम्म्यानेही काम भागते. म्हणूनच प्रत्येक फेकीत आधी तोल ढळविणे, मग योग्य जागा घेणे आणि शेवटी फेकणे असा क्रम असतो. नवशिके पहिली पायरी वगळतात आणि मग ताकदीची झोंबाझोंबी करीत बसतात.

शक्तीचा सर्वोत्तम उपयोग आणि परस्परांचे कल्याण ही कानो यांनी सांगितलेली दोन तत्त्वे होत. दुसरे तत्त्व ऐकावयास उपदेशपर वाटेल, परंतु चटईवर त्याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. जोडीदार जायबंदी झाला, तर उद्या सराव कोणाबरोबर करावयाचा? म्हणून फेकणारा पडणाऱ्याची बाही अखेरपर्यंत धरून ठेवतो, आणि पकडीत सापडलेल्याने हाताने थोपटून खूण करताच पकड तत्काळ सोडावी लागते.

भारताशी या विद्येचा संबंध जुना आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी हे शांतिनिकेतनात आले आणि त्यांनी मुलांबरोबर मुलींनाही ज्युदो शिकविले.

मात्र पहिल्या पाठाची हेळसांड झाली म्हणजे काय होते, हे खुद्द जपानमध्येच दिसून आले. १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत तेथील शाळांमधून ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यांत डोक्याला झालेल्या दुखापती पुष्कळ होत्या आणि नवशिक्यांना धोका विशेष होता. २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीची होणार असल्याने पालकांमध्ये चिंता पसरली. पुढे तेथील ज्युदो महासंघाने प्रशिक्षकांसाठी पात्रतेची पद्धत सुरू केली. वैद्यकीय पाहणीतून एक गोष्ट पुढे आली, ती शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी. मस्तक जमिनीवर न आपटताही केवळ जोराच्या हिसक्याने मेंदूलगतची रक्तवाहिनी तुटू शकते. यास्तव सरावानंतर डोके दुखते, मळमळते असे विद्यार्थ्याने सांगितल्यास त्याला पुन्हा चटईवर न उतरविता विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.