दादी हट्टी झालेल्या नाहीत, थकलेल्या आहेत

आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी काही दिवस वर्गात डुलक्या घेत होती. पालकसभेला तिची अम्मी आली तेव्हा कारण कळलं. घरात सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. मगरिबची वेळ झाली की त्या "मला माझ्या घरी जायचंय" म्हणून दाराकडे धावतात. रात्रभर उठबस चालू असते. "टीचर, सगळे म्हणतात बुढापा आहे, सब्र कर. सब्र करतेच, पण झोपू कधी?" एवढं बोलून ती गप्प झाली.

त्या दिवशी तिला काय सांगावं हे सुचलं नाही. नंतर या विषयावर वाचताना अमेरिकेतल्या एका नर्सिंग प्राध्यापिकेचं काम समोर आलं. त्यांचं नाव कॅथलीन बकवॉल्टर. आयोवा विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं आणि मानसिक आजार, म्हातारपण व डिमेन्शिया यांवर संशोधन केलं. आयोवा हे शेतीवाडीचं राज्य. खेड्यात एकटे राहणारे म्हातारे दवाखान्यापर्यंत येत नाहीत, म्हणून तिथे आरोग्यसेवाच त्यांच्या घरी नेण्याच्या प्रकल्पावर बकवॉल्टर यांनी काम केलं. पोस्टमनसारखी रोज दारावर येणारी माणसंही अशा वृद्धांची खबर देऊ शकतात, हा त्यामागचा विचार होता.

१९८७ साली गेरी हॉल या नर्ससोबत त्यांनी एक विचार मांडला. आजार वाढतो तशी माणसाची ताण सोसण्याची मर्यादा हळूहळू खाली येते, हे त्याचं सार. असं समजा की मनाचं भांडं दर महिन्याला थोडं लहान होतंय. सकाळी ते रिकामं असतं, दिवसभर त्यात थेंब थेंब ताण पडतो आणि संध्याकाळी ते ओसंडतं. म्हणून आरडाओरड, संशय, घर सोडून जाणं हे बऱ्याचदा दिवस कलल्यावर वाढतं. तो हट्ट नसतो, आपल्याला त्रास देण्याचा डावही नसतो.

हा ताण कशाने वाढतो, याची कारणंही या दोघींनी सांगितली. पहिलं कारण थकवा. दुसरं म्हणजे दिनक्रम, जागा किंवा सांभाळणारं माणूस बदलणं. आपल्याकडे भावांनी आईला महिना-महिना वाटून घ्यायची पद्धत आहे. इन्साफ म्हणून ती बरी वाटते, पण डिमेन्शिया असलेल्या आईसाठी दर महिन्याला सगळी दुनियाच बदलते. शक्य असेल तर आई एकाच घरी राहू द्या आणि बाकीच्या भावाबहिणींनी ठरलेल्या दिवशी तिथे यावं.

तिसरं कारण गोंधळात टाकणारे आवाज आणि दृश्यं. मोठ्याने चाललेला टीव्ही, आरशात दिसणारी 'अनोळखी बाई', ईदच्या दिवशी भरलेलं घर. चौथं, झेपणार नाही अशी अपेक्षा. पाहुण्यांसमोर "सांगा बरं, मी कोण?" ही परीक्षा आपण सगळेच घेतो. ती बंद करा, आपणच नाव सांगून सलाम करा. पाचवं, शरीराचा त्रास: दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग. वागणं एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं तर आजार वाढला असं धरून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. सहावं, आपण काहीतरी गमावतोय याचं दुःख. ते त्यांनाही जाणवतं.

उपायही घरातलेच आहेत. आंघोळ, दवाखाना अशी कामं सकाळी उरका. दिवसातून दोनदा शांत विश्रांती द्या. असरनंतर गडबड कमी करा आणि अंधार पडण्याआधीच दिवे लावा. "घरी जायचंय" म्हटल्यावर "हेच तुमचं घर आहे" असा वाद घालू नका. त्यांच्या माहेरची गोष्ट काढा, हातात चहा द्या. आयोवातच तयार झालेल्या लिंडा गर्डनर या नर्स-संशोधिकेने २००० साली दाखवलं की कुठल्याही शांत संगीतापेक्षा त्या माणसाला पूर्वी आवडणारं संगीत ऐकवल्यावर अस्वस्थता जास्त कमी होते. दादींना कुठली नात किंवा कुठलं गाणं आवडायचं, हे घरातल्यांनाच माहीत असणार.

बकवॉल्टर यांचं लक्ष पेशंटवरच थांबलं नाही. सांभाळणाऱ्या नातेवाइकांना घरी जाऊन ही पद्धत शिकवली तर काय होतं, हेही त्यांच्या गटाने तपासलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा शिकवलेल्या नातेवाइकांमध्ये नैराश्य कमी आढळलं. म्हणजे सांभाळणं ही शिकायची गोष्ट आहे. नुसत्या मायेवर किंवा नुसत्या सब्रवर ते निभत नाही.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचं आहे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगताहेत, म्हणजे शंभरात सात जण. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभर डिमेन्शियाच्या पेशंटची ७० टक्के देखभाल बायकाच करतात. आपल्या घरांत ती बाई बहुतेक वेळा सून असते. आईवडिलांच्या खिदमतीचा सवाब सगळ्यांना हवा असतो, पण रात्रीची जागरणं एकटीच्या वाट्याला येतात.

त्या मुलीच्या अब्बांना मी शाळेत बोलावून घेतलं आणि हेच सगळं सांगितलं. आठवड्यातल्या दोन रात्री ते स्वतः आईजवळ झोपतील आणि जुम्म्याला त्यांची बहीण येईल, असं ठरलं. दादींचा आजार याने जाणार नाही. पण मुलीची अम्मी निदान तीन रात्री झोपेल.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर सरकारी किंवा जवळच्या इस्पितळात मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागात तपासणी करून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. आणि दादींची तब्येत विचारायला कुणाच्या घरी गेलात, तर त्यांना सांभाळणारीलाही विचारा, "काल रात्री झोप झाली का?"