जुना संगणक द्या, सोबत माणूसही द्या

‘विंडोज १०’चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ऑफिसांमधले चांगले चालते संगणक भंगाराच्या वाटेला लागले. त्यातले काही वृद्धाश्रमांच्या दारातही पोचतील. हार, फोटो, टाळ्या होतील आणि महिनाभरात त्या संगणकावर कापड पडेल. हे टाळता येतं; कसं, ते एका जुन्या छत्राकडून शिकावं.

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला ओरत्तनाडु लागतं. दुसऱ्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या प्रेयसीच्या, मुक्तांबाळच्या स्मरणार्थ तिथे छत्र, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा उभारली. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसल्यांनी अशी अनेक छत्रं बांधली होती. त्यांचा कारभार राजांनी १८०१मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिनला लिहिलेल्या पत्रात बारकाईने सांगितला आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सगळ्या वाटसरूंना भात मिळे, शिजवलेलं न घेणाऱ्यांना कोरडा शिधा. आजाऱ्याला वैद्य, औषध आणि पथ्याचं जेवण. पोरक्या मुलांचा सांभाळ आणि शिक्षण. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले आणि मग घंटा वाजवत : कुणी जेवायचं राहिलं असेल त्याने यावं. मला त्या छत्राच्या सगळ्या कोरीव कामापेक्षा ही घंटा मोठी वाटते. राहून गेलेल्याला हाक मारणं हे दात्याने आपलं काम मानलं होतं.

आपल्या डिजिटल योजनांत ही हाक आलीच नाही. २०१७चं प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान घ्या. वयाची अट होती १४ ते ६०. सहा कोटींहून जास्त लोकांना शिकवून ते मार्च २०२४मध्ये संपलं. साठी ओलांडलेला माणूस नियमानेच बाहेर राहिला. आणि त्याच वर्षांत बँक, पेन्शन, रेल्वेचं तिकीट सगळं पडद्यावर गेलं! तामिळनाडूत २०२१च्या अंदाजानुसार १३.६ टक्के लोक साठीपुढचे आहेत, महाराष्ट्रात ११.७ टक्के. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ला सांगितलं. हक्क मिळाला, आता शिकवणारं कुणी हवं.

यंत्राची अडचण फारशी नाही. तामिळनाडू सरकारने २०११पासून बारावीच्या मुलांना लाखो लॅपटॉप फुकट दिले. ओरत्तनाडुच्या घराघरांत त्यातले कितीतरी आज कपाटात पडून असतील. जुन्या डबड्यात एसएसडी टाकली, रॅम आठ जीबी केली आणि लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम बसवली की तो संगणक व्हिडिओ कॉल, बातम्या आणि भजनं सहज चालवतो. देणाऱ्याने आपली हार्ड डिस्क पूर्ण पुसावी. वेबकॅम आणि माइक मात्र हवेतच, कारण आजीला आधी नातू पाहायचा असतो.

खरी मेहनत पुढे आहे. हात थरथरत असला की डबल क्लिकमधलं पहिलं क्लिक लागतं, दुसऱ्यापर्यंत बाण घसरतो, नाहीतर बटण दाबलेलं असतानाच हात सरकतो आणि उघडायची फाइल भलतीकडेच ओढली जाते. आजोबा माउस सोडून देतात. ‘आम्हाला नाही जमायचं’ म्हणतात. सेटिंगमध्ये एका क्लिकवर उघडण्याची सोय आहे, बाणाचा वेग कमी करता येतो, अक्षर आणि बाण दोन्ही मोठे करता येतात. पाच मिनिटांचं काम. पण ते करायला कुणीतरी शेजारच्या खुर्चीत बसून तो हात पाहिला पाहिजे. फोनच्या काचेवर कोरडी बोटं कधीकधी नीट उमटत नाहीत, म्हणून अनेकांना माउस आणि मोठा पडदाच सोपा जातो.

अमेरिकेत मेरी फर्लाँग यांनी १९८६मध्ये ज्येष्ठांना संगणक शिकवणारं सीनियरनेट सुरू केलं. तिथे पुढे ज्येष्ठच ज्येष्ठांना शिकवू लागले. आपल्याकडे निवृत्त मास्तर, बँकवाले, पोस्टमास्तर काय कमी आहेत? सत्तरीच्या माणसाला सत्तरीचा माणूस चिडून ‘एवढंही कळत नाही?’ म्हणत नाही.

नोव्हेंबर हा पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. हा दाखला डिजिटल काढायची ‘जीवन प्रमाण’ सोय २०१४पासून आहे, पण चेहरा दाखवून दाखला काढायला स्मार्टफोन लागतो; तेव्हा संगणक दिला की हेही काम झालं, असं समजू नका. दाखल्याच्या दिवशी मदतनीसाचा फोन वापरा किंवा पोस्टमनला बोलवा, तो घरी येऊन दाखला काढून देतो. बँकेचे व्यवहार सामायिक संगणकावर मुळीच नकोत. ओटीपी मदतनीसालाही सांगायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवा.

माझी विनंती एवढीच : जवळच्या वृद्धाश्रमाला फोन करा आणि संगणक नेण्याआधी आठवड्यातला एक वार कबूल करा. वर्षभर तो वार पाळता येणार नसेल, तर पाळणारा शोधून मगच यंत्र द्या. आणि सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवा.